उसळलेल्या कणांची साक्ष

बारडोली म्हटले की महाराष्ट्रातील आणि गोमंतकातील वाचकांस १९२८ चा सत्याग्रह आठवतो, आणि ते योग्यच आहे. आम्ही गेली अठरा वर्षे येथील न्यायालयात वकिली करीत असल्यामुळे आम्हांस मात्र त्या सत्याग्रहाइतकीच त्याच्या मागून आलेली चौकशी आठवते. सरकारने शेतसारा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढविला होता. जमिनीच्या खंडाच्या ज्या नोंदींवर ही वाढ उभी केली होती त्या नोंदी कोणी गावात जाऊन नीट तपासल्याच नाहीत, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. लढा मिटल्यावर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन अधिकारी चौकशीस नेमले गेले. (१९२२ साली अहमदाबादेस गांधीजींचा खटला ज्यांच्यापुढे चालला ते ब्रूमफील्ड हेच.) शेतकऱ्यांची बाजू मांडण्यास भुलाभाई देसाई उभे राहिले. अधिकारी गावोगाव हिंडले, खातेदारांस समोर बसवून त्यांनी प्रश्न विचारले, आणि शेवटी ६.०३ टक्क्यांहून अधिक वाढ योग्य नाही असा निष्कर्ष निघाला. जमीन तीच, पीक तेच, माणसेही तीच. विचारण्याची रीत तेवढी बदलली आणि बावीसाचे सहा झाले.

ही जुनी हकीकत आज मनात येण्यास एक अर्ज कारण झाला. आमच्या ज्ञातीचा एक लहानसा विद्यासाहाय्य निधी आहे. सुरत, नवसारी, बारडोली, व्यारा अशा गावांतून विखुरलेल्या घरांकडून जे जमते त्यातून दरवर्षी एकदोन विद्यार्थ्यांची सोय होते. निधीची समिती पाच जणांची असून तिचे चिटणीसपद आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी तीन अर्ज आले. दोन अर्ज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळालेल्या मुलांचे होते. तिसरा अर्ज पदार्थविज्ञानात संशोधन करणाऱ्या एका मुलीचा होता. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती आणि प्रबंधाचे काम आणखी वर्षभराचे उरले होते. तिला वर्षभर पोसावे तर दोन्ही मुलांस नकार द्यावा लागणार, आणि त्या दोघांची फी भरावी तर तिचे पाच वर्षांचे काम अर्ध्यावर राहणार, असा निधीचा हिशेब होता.

तिने अर्जात आपला विषय लिहिला होता: न्यूट्रॉनांच्या प्रकीर्णनाने एका ऑक्साइडाच्या स्फटिकातील चुंबकीय आणि इलेक्ट्रॉनी व्यवस्थेचा शोध. समितीत हा कागद हातोहात फिरला आणि मुकाट्याने आमच्याकडे परत आला. समितीतील सर्वांत वडील सभासद, ज्यांना आम्ही सारे माई म्हणतो, त्यांनी चष्मा काढून कोकणीत विचारले, "पूण ह्या शिकपाचो उपेग कितें?" प्रश्न रोखठोक होता आणि त्याचे उत्तर कोणापाशी नव्हते. तेव्हा चिटणिसांनी चौकशी करून टिपण सादर करावे असे ठरले, आणि अशा रीतीने ब्रूमफील्डसाहेबांचे काम आमच्या वाट्यास आले.

मुलीचे वडील या भागातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा गळिताचा हंगाम भरात होता. रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, खानदेश आणि डांग भागांतून आलेल्या तोडणी मजुरांची अर्धी मराठी कानांवर पडत होती आणि मळीचा आंबूस वास घरात शिरला होता. मुलीने चहाबरोबर एका काळ्या कागदावर साखरेचे चार दाणे आणून ठेवले. "काका, हे भिंगातून पाहा," ती म्हणाली. दाणे लहानमोठे होते, एकाचा कोपराही उडाला होता; परंतु त्यांच्या बाजूंमधले कोन सर्वांत सारखे होते. पॅनमध्ये पाक घट्ट होऊन दाणा धरू लागतो तेव्हा आतले रेणू ठरावीक ओळींनी एकमेकांवर बसतात, आणि आतली ती शिस्त बाहेर कोनांच्या रूपाने दिसते. पण आतली मांडणी प्रत्यक्ष कशी पाहावी? डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट मोठी असते. तिने हे मोजणे म्हणजे पायलीने मोहरीचा एकेक दाणा मोजण्यासारखे होय. त्यासाठी तितकेच बारीक माप हवे. ते १९१२ साली जर्मनीत माक्स फॉन लाउए यांना क्ष-किरणांत सापडले, आणि लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडात ब्रॅग पितापुत्रांनी त्या मापाने मिठाच्या स्फटिकातील अणूंच्या जागा ठरविल्या. किरण स्फटिकावर पडले की ते आतल्या ओळींवरून उसळतात. काही दिशांनी त्यांचे तरंग एकमेकांस साथ देतात, काही दिशांनी मारतात. जेथे साथ मिळते तेथे ठिपका उमटतो. त्या ठिपक्यांच्या नकाशावरून आतल्या ओळींची अंतरे काढता येतात.

येथपर्यंतचे आम्ही महाविद्यालयात कधीतरी वाचले होते. नवे होते ते पुढचे. क्ष-किरण उसळतात ते इलेक्ट्रॉनांवरून. ज्या अणूत इलेक्ट्रॉन पुष्कळ तो ठळक दिसतो, आणि हायड्रोजन, ज्यात एकच इलेक्ट्रॉन, तो जवळजवळ दिसेनासा होतो. आता साखरेच्या एका रेणूत पंचेचाळीस अणू असतात: बारा कार्बनचे, अकरा ऑक्सिजनचे आणि बावीस हायड्रोजनचे. म्हणजे क्ष-किरणांच्या साक्षीत रेणूचे निम्मे रहिवासी अंधुकच राहतात. हे बावीसही हायड्रोजन बिनचूक आपापल्या जागी दाखवून दिले ते ब्राउन आणि लेव्ही या दोघा संशोधकांनी अमेरिकेतील ओक रिज येथे, १९६३ साली, आणि त्यांनी क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन वापरले. न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनांची गर्दी ओलांडून थेट अणुकेंद्रावर आदळतो आणि हायड्रोजनचे केंद्र त्याला चांगले जाणवते. ज्या साखरेवर बारडोलीचा सारा संसार चालतो तिच्या आतल्या मांडणीचा पुरा पत्ता अशा रीतीने अणुभट्टीच्या दारातून आला, हे ऐकून मुलीच्या वडिलांचीही करमणूक झाली. त्यांनी आयुष्यभर साखरेची प्रत तपासली. पण तिच्या हायड्रोजनची चौकशी करण्याची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

न्यूट्रॉन हा कण चॅडविक यांनी १९३२ साली शोधला. त्याच्यावर विद्युत्भार नसतो. आम्हां वकिलांच्या भाषेत तो तटस्थ साक्षीदार, म्हणून तो पदार्थात खोलवर जातो आणि कोणी त्याला दारातच अडवीत नाही. भट्टीत जन्मताना त्याचा वेग प्रचंड असतो. जड पाण्यातून धक्के खात तो मंदावतो, आणि साध्या हवेच्या उष्णतेला येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २२०० मीटर राहतो. त्या वेगाला त्याची तरंगलांबी १.८ आँगस्ट्रॉम, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या दुपटीहून थोडी कमी. स्फटिकातील अणूंची अंतरेही याच मापाची असतात, हा निसर्गाने आपल्यावर केलेला उपकारच म्हणावयाचा. बारडोलीहून व्याऱ्याच्या बाजूस गेले की काकरापारचे अणुविद्युत्-केंद्र लागते. तेथील चारही भट्ट्यांत हेच मंद न्यूट्रॉन जड पाण्यात वावरत असतात. परंतु तेथे त्यांना युरेनियम फोडून पाणी तापविण्याची नोकरी आहे आणि बाहेर पडण्याची सोय नाही. साक्षीसाठी न्यूट्रॉन हवे असतील तर भट्टीच्या भिंतीतून नळ्या काढलेल्या असाव्या लागतात. तशी भट्टी आपल्या देशात तुर्भ्यास, म्हणजे लोक ज्याला ट्रॉम्बे म्हणतात तेथे आहे.

तुर्भ्याची ही परंपरा आपल्या वाचकांस ठाऊक असावी अशी आहे. 'अप्सरा' ही पहिली भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली. नाव पंडित नेहरूंनी ठेवलेले. त्याच सुमारास पी. के. अय्यंगार हे पंचविशीतले तरुण कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली न्यूट्रॉनांची विद्या शिकण्यास गेले, आणि त्या दोघांनी जर्मेनियमच्या स्फटिकात अणू कसे थरथरतात याचे मोजमाप करून १९५८ साली प्रसिद्ध केले. परतल्यावर अय्यंगारांनी तुर्भ्यास आपले मंडळ उभारले. उपकरणे परदेशातून मागवून घेण्याऐवजी ती येथेच घडविण्याचा त्यांचा आग्रह असे. १९६० साली 'सायरस' ही मोठी भट्टी चालू झाल्यावर त्या उपकरणांना काम मिळाले, आणि साठच्या दशकातच तुर्भ्याचा एक वर्णपटमापक आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या योजनेतून फिलिपीन्समध्ये बसविला गेला. ज्या देशाला त्या काळी धान्य बाहेरून आणावे लागत होते त्याने शेजाऱ्यांस असे यंत्र द्यावे, याचे आम्हांस आजही अप्रूप वाटते. एन. एस. सत्यमूर्ती यांनी चुंबकीय पदार्थांचा अभ्यास हाती घेतला, तर आर. चिदंबरम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमिनो आम्लांतील हायड्रोजनच्या जागा शोधल्या. पुढे ८ ऑगस्ट १९८५ रोजी 'ध्रुव' ही शंभर मेगावॅटची भट्टी आली. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली, आणि तेव्हापासून देशभरच्या विद्यापीठांतील अभ्यासकांची या कामाची भिस्त ध्रुवावर आहे. गोवा विद्यापीठातील अभ्यासकही त्यांत आहेत. बाप मांडीवर बसू देईना म्हणून अढळपद मिळविलेल्या बाळाचे नाव यंत्राला देताना नामकरण करणाऱ्यांच्या मनात काय होते कोण जाणे. पण नाव शोभले खरे.

आता चुंबकाकडे वळू, कारण मुलीच्या विषयाचा गाभा तेथे आहे. लोहचुंबक आपल्या लोकांस नवा नाही. ब्रह्मसूत्रांत सांख्यमताचा परामर्श घेताना अयस्कांताचा दृष्टांत आलेला आहे: स्वतः न हलता लोखंडास हलविणारा दगड. (एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना न्यूट्रॉनही ठाऊक होते असे सांगणारे एक सद्गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. ते हा लेख वाचतील, म्हणून अधिक लिहीत नाही.) लोहचुंबकात प्रत्येक अणूचा चिमुकला चुंबक एकाच दिशेस तोंड करून उभा असतो, म्हणून त्यांची शक्ती एकवटते आणि आपल्यास जाणवते. परंतु असे पुष्कळ पदार्थ आहेत की ज्यांत शेजारशेजारचे चुंबक एकमेकांच्या विरुद्ध तोंडे करून उभे असतात: एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. शिस्त तितकीच कडक. पण बेरीज शून्य. असा दगड खिळ्याजवळ नेला तर खिळा हलत नाही, होकायंत्राजवळ नेला तर सुई वळत नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल की यात काहीच नाही. फ्रान्सचे लुई नेएल यांनी तिसाव्या दशकात अशी व्यवस्था असली पाहिजे असे गणिताने मांडले. पण ती डोळ्यांनी दाखविणार कशी?

मुलीने येथे देवाच्या हाराचा दाखला दिला आणि तो आम्हांस इतका पटला की टिपणातही आम्ही तोच वापरला. समजा, एका हारात एक पांढरी शेवंती, एक पिवळी शेवंती, पुन्हा पांढरी, पुन्हा पिवळी अशी फुले ओवली आहेत, आणि सर्व फुले आकाराने सारखी आहेत. अंधारात बोटांनी चाचपणारा म्हणेल की प्रत्येक फुलानंतर तेच फूल येते. पुनरावृत्तीचे अंतर एक फूल. उजेडात डोळ्यांनी पाहणारा म्हणेल की पांढऱ्यानंतर पांढरे दोन फुलांनी येते. पुनरावृत्तीचे अंतर दोन फुले. दोघेही खोटे बोलत नाहीत. क्ष-किरण सामान्यतः त्या चाचपणाऱ्यासारखे आहेत. न्यूट्रॉनाला मात्र रंग दिसतो, कारण तटस्थ असूनही तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे, आणि वर तोंड केलेला अणू व खाली तोंड केलेला अणू यांत त्याला भेद जाणवतो. १९४९ साली ओक रिज येथेच शल आणि स्मार्ट यांनी मँगॅनीज ऑक्साइडाची भुकटी न्यूट्रॉनांपुढे धरली. साध्या उष्णतेला जे ठिपके अपेक्षित होते तेवढेच आले. मग तिला सुमारे ८० केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली १९३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले, आणि जेथे काहीच नसावयाचे तेथे नवी शिखरे उगवली. त्यांचा अर्थ एकच लागत होता: पुनरावृत्तीचे अंतर दुप्पट झाले आहे, ४.४३ आँगस्ट्रॉमचे ८.८५. हार दोन रंगांचा होता. नेएल यांचे गणित खरे ठरले.

वाचकांपैकी कोणी विचारील की याला प्रत्यक्ष दर्शन म्हणावयाचे का? आमच्या मते नाही, आणि हाच आम्हांस या विद्येचा सर्वांत आवडलेला भाग. गणकयंत्र एवढेच मोजते की अमुक दिशेस इतके न्यूट्रॉन आले. येताना प्रत्येक तरंग चढणीवर होता की उतरणीवर, ही माहिती वाटेतच हरवते. त्यामुळे ठिपक्यांवरून मागे मागे जाऊन मांडणी थेट काढता येत नाही. आधी एक मांडणी कल्पावयाची, तिच्यापासून ठिपके कसे येतील ते गणिताने काढावयाचे, आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहावयाचे. हा शुद्ध परिस्थितिजन्य पुरावा होय. आमच्या व्यवसायात त्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद सारडा यांच्या प्रकरणात, जे आपल्या पुण्यातलेच, पाच कलमांनी घालून दिली आहे. तिचे सार असे की पुराव्याची साखळी पुरी असली पाहिजे आणि आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरी कोणतीही उपपत्ती तिच्यात बसता कामा नये. स्फटिकाच्या बाबतीतही दुसरी मांडणी तेच ठिपके देत नाही ना, हे पाहिल्याविना निकाल देता येत नाही.

निकाल घाईने दिल्याचे उदाहरणही या शास्त्रात आहे, आणि तेही खुद्द अयस्कांताच्या बाबतीत. नैसर्गिक लोहचुंबक, ज्याला मॅग्नेटाइट म्हणतात, तो सुमारे १२० केल्विनच्या खाली थंड केला की त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी जवळजवळ शंभरपट वाढतो. हॉलंडचे फेरवेय यांनी १९३९ साली याचे कारण सुचविले. या दगडातील काही लोह-अणूंजवळ एक इलेक्ट्रॉन अधिक असतो. उष्ण असताना ते अधिकचे इलेक्ट्रॉन इकडून तिकडे धावत असतात, आणि थंडीत ते ठरावीक जागी ओळीने बसतात. पंगत बसली की वाढपी तेवढे चालतात; येथे वाढपीच पंगतीला बसल्यासारखे झाले. याला विद्युत्भार-व्यवस्था म्हणतात, आणि अर्जातील 'इलेक्ट्रॉनी व्यवस्था' ती हीच. १९५८ साली न्यूट्रॉनांच्या प्रयोगात ही पंगत दिसल्याचे जाहीर झाले. पुढे १९७५ च्या सुमारास असे उघडकीस आले की जी शिखरे पुरावा म्हणून दाखविली होती ती एकदा उसळून पुन्हा दुसऱ्या ओळीवरून उसळलेल्या न्यूट्रॉनांची होती. आमच्या कायद्यात याला ऐकीव पुरावा म्हणतात, आणि तो ग्राह्य नसतो! खरी मांडणी ठरावयास २०१२ साल उजाडले. एडिंबरोच्या ॲटफील्ड यांच्या मंडळाने ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या तीव्र क्ष-किरणांपुढे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा एक स्फटिक धरला. तेव्हा कळले की अधिकचा इलेक्ट्रॉन एकाच अणूजवळ बसत नाही. एका ओळीतील तीन लोह-अणूंवर त्याची बैठक पसरलेली असते. फेरवेय यांची कल्पना मूळात बरोबर आणि तपशिलात अपुरी ठरली, आणि हे ठरण्यास त्र्याहत्तर वर्षे लागली. आमच्या दिवाणी दाव्यांस लोक उगाच नावे ठेवतात.

एवढे ऐकल्यावर आम्ही मुलीकडे तिच्या स्वतःच्या पुराव्याची मागणी केली. तिचा पदार्थ मँगॅनीजचे एक ऑक्साइड आहे. या कुळातील पदार्थांत विद्युत्भाराची पंगत आणि चुंबकांची शिस्त या दोन्ही गोष्टी नांदतात, आणि बंगळूरच्या सी. एन. आर. राव यांनी त्यांवर केलेले काम जगभर मानले जाते. तिला ध्रुवावर तीन दिवस मिळाले होते. तिने आलेख पुढे केला. एक रेषा साध्या उष्णतेची, एक थंडीची. थंडीच्या रेषेवर, दोन मोठ्या शिखरांच्या मधोमध, एक लहानसा उंचवटा होता. आमची जुनी सवय जागी झाली आणि आम्ही उलटतपासणीस प्रारंभ केला.

हा उंचवटा यंत्राची लबाडी कशावरून नाही? ती म्हणाली, प्रश्न रास्त आहे. ठरावीक तरंगलांबीचे न्यूट्रॉन निवडणारा स्फटिक तिच्या निम्म्या तरंगलांबीचेही थोडे न्यूट्रॉन सोडून देतो, आणि ते नेमके अशाच मधल्या जागी खोटे शिखर उभे करतात. पण तसे असते तर ते साध्या उष्णतेलाही दिसले असते. यंत्राला पदार्थाची थंडी वाजत नाही. बरे, मग हे शिखर चुंबकांच्या शिस्तीचे हे सिद्ध झाले का? येथे ती थांबली. "नाही, काका," ती म्हणाली. "थंडीत इलेक्ट्रॉनांची पंगत बसली तर अणूही जागचे किंचित सरकतात, आणि त्यानेही अंतर दुप्पट होऊ शकते. तेही ऊब दिली की जाते. दोन्ही उपपत्ती अजून उभ्या आहेत." मग निवाडा कसा व्हावा? तिने सांगितलेला मार्ग असा. ध्रुवावर पुन्हा पाळी घेऊन, एकेक पायरी ऊब देत शिखर कोणत्या उष्णतेला मावळते ते पाहावयाचे. रुंद कोनांकडची शिखरे भराभर फिकी पडतात का तेही पाहावयाचे, कारण चुंबकीय शिखरांची ती खूण आहे. दुसरे, तोच नमुना तितकाच थंड करून इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांपुढे धरावयाचा. जे शिखर क्ष-किरणांनाही दिसेल ते पंगतीचे. जे केवळ न्यूट्रॉनांना दिसेल ते चुंबकांचे. दोन साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकच प्रश्न विचारावा, तसे हे. या दोन पाळ्यांसाठी अर्ज करून थांबणे, मोजमाप करणे आणि त्याचा अर्थ लावणे यांतच वर्ष जाणार होते.

अठरा वर्षांत आम्ही किती साक्षीदार पाहिले याची गणती नाही. आपल्याच बाजूचा पुरावा कोठे तोकडा पडतो हे न विचारता सांगणारे त्यांत फार थोडे निघाले. टिपण लिहिताना हे आमच्या मनात होते, हे मान्य केले पाहिजे.

राहिला माईंचा प्रश्न. उपयोगाविषयी आम्ही टिपणात दोनच गोष्टी लिहिल्या. नेएल यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा विरुद्ध तोंडांच्या या चुंबकांचा काही व्यावहारिक उपयोग दिसत नाही असे खुद्द त्यांनीच आपल्या व्याख्यानात सांगितले होते. पुढे संगणकाच्या चकतीवरील माहिती वाचणाऱ्या टोकात अशाच पदार्थाचा पातळ थर बसविला गेला. शेजारचा थर जागचा हलू नये म्हणून त्याला धरून ठेवण्याचे काम तो करतो, आणि स्वतः बाहेर काही शक्ती दाखवीत नाही म्हणूनच त्याला ते जमते. आमच्या न्यायालयाच्या जुन्या नोंदी अशाच चकत्यांवर साठविलेल्या आहेत. दुसरी गोष्ट, शल आणि ब्रॉकहाउस यांना त्यांच्या कामाचे नोबेल पारितोषिक १९९४ साली मिळाले, म्हणजे शल यांच्या ओक रिजच्या प्रयोगानंतर पंचेचाळीस वर्षांनी. आणि शल यांचे ज्येष्ठ सहकारी वोलन, ज्यांनी तेथे ही वाट पहिल्याने पाडली, ते दहा वर्षांपूर्वीच निवर्तले होते. या मुलीच्या ऑक्साइडाचा उपयोग होईल असे लेखी आश्वासन आम्ही दिले नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये असे समितीस कळविले.

बैठकीत अडीच तास चर्चा झाली. अभियांत्रिकीच्या मुलांची बाजू लंगडी नव्हती; त्यांच्यापैकी एकाचे वडील हयात नाहीत, आणि त्याची फी थांबविणे कोणाच्याच जिवावर आले असते. ती प्रथम मंजूर झाली आणि तिला कोणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या मुलाच्या फीसाठी समितीतील एका व्यापारी गृहस्थांनी स्वतः बिनव्याजी रक्कम देऊ केली. उरलेल्या निधीतून मुलीला सहा महिन्यांचे साहाय्य द्यावे की नाही यावर मते घेतली, आणि ती तीन विरुद्ध दोन अशी पडली. माई विरोधात असतील अशी आमची अटकळ होती. त्यांनी हाराचा मजकूर आम्हांस दोनदा वाचावयास लावला, पिवळी शेवंती आणि पांढरी शेवंती खरोखर एका आकाराच्या मिळतात का याविषयी शंका घेतली, आणि बाजूने मत दिले.

ध्रुवावरची पाळी गेल्या महिन्यात झाली. एकेका अंशाने ऊब देत मोजमाप घेतले असून शिखर एकदम न मावळता दोन टप्प्यांनी उतरले, असे मुलीने पत्राने कळविले आहे. यावरून दोन्ही व्यवस्था त्यात गुंतलेल्या असाव्यात असे तिला वाटते. पण इंदूरचे क्ष-किरण काय म्हणतात ते पाहिल्याविना ती तसे लिहिणार नाही. इंदूरचा अर्ज मंजूर झाला आहे, तारीख यावयाची आहे. पुढील सहा महिन्यांच्या साहाय्याचा विषय कार्तिकानंतरच्या बैठकीत येईल, आणि आलेखाची मोठी प्रत घेऊन तिने स्वतः हजर राहावे असा माईंचा निरोप आम्ही तिला पोचविला आहे.